छुन मावशींचे ठिपके

छुन मावशींचा निकाल पॉझिटिव्ह आला. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, मीही लिहिलेलं नाही. आता सुरुवातीपासून.

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका रुग्णालयात मी गाठींचे तुकडे तपासतो. समोरच्या कोपऱ्यावर छुन मावशींची अंड्याच्या पोळ्यांची गाडी. चार वर्षं माझी न्याहारी तिथेच. एका सोमवारी त्यांच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा माझ्या टेबलावर आला, तुटक्या शेवईएवढा. त्या पेशींत एका ठरावीक जनुकाच्या प्रती वाढल्या असतील, तर त्यावर नेमकं औषध आहे आणि ते विम्यातून मिळतं. नसतील, तर नाही. त्यामुळे मी दिवसभर 'बिघाड असू दे' अशी प्रार्थना करत होतो. देवालाही अर्ज दोनदा वाचावा लागला असेल.

आधी तुकड्याचे पातळ काप रंगवायचं यंत्र. त्याच्या डोक्यावर आम्ही खाऊची हिरवी पुडी ठेवतो, म्हणजे हिरवा सिग्नल मिळाल्यागत ते शहाण्यासारखं चालतं. सगळं तैवान ठेवतं, यावर चर्चा होत नाही. त्या दिवशी यंत्र मध्येच थांबलं.

"पिवळी पुडी कुणी ठेवली?" युन-रू ताई ओरडल्या. त्या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या.

"हिरव्या संपल्या होत्या," आमच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर येन म्हणाले. "आत खाऊ तर मक्याचाच आहे ना?"

"सर, तुमची डिग्री परत करून या."

एक काप वाया गेला. दुसऱ्यावर त्या जनुकाने बनवलेल्या प्रथिनाचा रंग चढला, पण दोन नंबरचा. तीन म्हणजे हो, शून्य किंवा एक म्हणजे नाही, आणि दोन म्हणजे 'बघू'. आता जनुकच मोजायचं, आणि काप उरला होता शेवटचा.

पुढच्या सोमवारी अंधाऱ्या खोलीत ताई आणि मी सूक्ष्मदर्शकाशी बसलो. लाल ठिपके जनुकाचे, हिरवे ते ज्या गुणसूत्रावर असतं त्याचे. लाल हिरव्यांच्या दुप्पट भरले की औषध. दोघांनी वेगवेगळ्या वीस-वीस पेशी मोजायच्या, आणि लवकर, कारण दिव्याखाली ठिपके विझत जातात.

माझं उत्तर आलं दोन पूर्णांक एक. ताईंचं एक पूर्णांक नऊ.

"चिकटलेले दोन ठिपके एकच धरायचे, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग दोन का धरलेस?"

"लांबून वेगळे वाटले."

"किती लांबून? कोपऱ्यावरच्या गाडीवरून?"

ताईंनी आपल्या आकड्यांचा कागद पालथा घातला. मग म्हणाल्या, "मीपण तिथेच खाते, मेल्या. पक्षपात नको म्हणून मी जरा जास्तच कमी धरले."

दोघांचेही आकडे खोडले. डॉक्टर येन घरून डबा आणतात, मावशींना ओळखतही नाहीत, त्यांना बसवलं. त्यांनी कापाचा एक न पाहिलेला कोपरा शोधला. आम्ही पाठीमागे श्वास धरून उभे.

"कुणीतरी श्वास घ्या रे, नाहीतर तुमचेच तुकडे तपासावे लागतील," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "हिरवे चाळीस."

"आणि लाल?"

"विझतायत. बोलू नका."

मी दाराची मूठ धरून ठेवली होती. कशासाठी, माहीत नाही.

"एक्क्याण्णव."

ताईंनी त्याच पेशी पुन्हा मोजल्या. नव्वद. मग त्या नाक शिंकरायला बाहेर गेल्या.

निकाल रुग्णाला फक्त तिचे डॉक्टर सांगतात, गुरुवारी. आम्ही ब्र काढायचा नाही. मंगळवारी सकाळी मी गाडीवर गेलो. मावशींनी पोळी करपवली होती. चार वर्षांत पहिल्यांदा.

"काय रे, माझं काही आलं का तुमच्याकडे?"

"आमच्याकडे नुसते नंबर येतात, मावशी."

"माझा नंबर रडवेला होता का?"

"गुरुवारी कळेल."

"गुरुवारला अजून दोन रात्री आहेत, बाळा. मी झोपणारी बाई होते."

मी करपलेली पोळी पूर्ण खाल्ली आणि वर जाऊन अर्ज दिला:

'मा. अधीक्षक यांस. विषय: वार बदलून मिळणेबाबत. महोदय, येता गुरुवार आज दुपारी बाराच्या आत भरवण्यात यावा, आणि राहिलेला बुधवार नंतर कार्यालयाच्या सवडीने घेण्यात यावा, ही नम्र विनंती.'