उंबरतळ्याचे बाण

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या घरात आजारपणासारखं सांगितलं जातं. पाहुणे आले की अव्वा, म्हणजे माझी आई, आधी चहा देते, मग माझं सांगते. पतसंस्थेत अकरा दिवस, मोबाइलच्या दुकानात दीड महिना, एका क्लासमध्ये जेवणाच्या सुट्टीपर्यंत. खुर्ची बरी नव्हती, असं मी म्हणतो. खुर्च्या तीन वेगवेगळ्या होत्या, असं अप्पा म्हणतात.

मला बसवतं ते फक्त एसटीत, कारण ती हलत असते. त्यातूनच धंदा सुचला. कोल्हापूरच्या आसपास तळी उदंड, आणि बऱ्याच तळ्यांच्या काठापर्यंत लाल गाडी जाते. सकाळच्या गाडीनं जायचं, काठाकाठानं फेरी मारायची, परतीच्या गाडीत बसायचं. लोकांना गाडी-पेट्रोल काही नको, वाट दाखवायला मी. अशा नऊ वाटा मी घड्याळ लावून चाललो होतो. नियम एकच, वाट दोन गाड्यांच्या मधे मावली पाहिजे. उंबरतळ्याची सगळ्यात छान मावायची. दहाला उतरायचं, नऊ किलोमीटर चालायचं, सव्वाचारला परत. त्यानंतरची गाडी थेट संध्याकाळी सातला, आणि ती मुक्कामाला गावातच झोपते.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बसलिंगाप्पांनी, इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर काढली, सगळी उभ्यानं. त्यांनी अट घातली. रविवारी वीस माणसं न्यायची. सगळी सव्वाचारच्या गाडीत बसली, तर पुढं माझं मी बघायचं. एक जरी मागं राहिलं, तर सोमवारी सात वाजता काकाच्या कारखान्यात हजर. काकाचे आठ माग आहेत. दोन मागांच्या मधे चालायला दीड हात जागा असते. मी मोजली आहे.

"मी पण येणार," अप्पा म्हणाले. "डोकी मोजायला."

मंगळवारी मी खुणा करायला गेलो. कुणाच्या बांधाला, झाडाला रंग लावायचा नाही हे माझं तत्त्व, म्हणून डोक्याएवढे चोवीस सुटे दगड गोळा केले, प्रत्येकावर पांढरा बाण आणि लाल आकडा काढला आणि वळणावळणावर ठेवून दिले. बारा नंबरपाशी धोंडुबाई नावाची एक म्हातारी शेळ्या राखत होती. तिनं विचारलं, "पावणं, काय चाललंय?"

आता मी खरं सांगायला हवं होतं. पण रविवारी चालायला माणसं येणार, हे त्या उन्हात मलाच फार खोटं वाटलं. म्हणून तोंड सरळ ठेवून सांगितलं की इथनं सहापदरी रस्ता जाणार आहे, तळ्याला वेढा घालून, आणि मधे विमान उतरायची सोय आहे. विमान एवढ्यासाठी, की चेष्टा आहे हे तिच्या लक्षात यावं.

"विमान कुठल्या अंगाला?" तिनं विचारलं.

मी उत्तरेकडं बोट केलं. तिनं शेळ्या तिथंच सोडल्या आणि गावाकडं चालायला लागली. ती हसत गेली असणार, असं मी गृहीत धरलं.

रविवारी आम्ही बावीस जण उतरलो. मी, अप्पा आणि माझ्या चुलतबहिणीच्या, प्रेरणाच्या, योगवर्गातल्या वीस बायका. सगळ्यांनी एकसारख्या जांभळ्या टोप्या घातल्या होत्या. एक ते तीन नंबरचे बाण जागच्या जागी होते. चार नंबरनं आम्हाला सरळ उसात घातलं. पाच नंबर गोबरगॅसच्या टाकीवर होता. सहा नंबर एका उभ्या ट्रॉलीत सापडला, म्हणजे मालकानं ट्रॅक्टर सुरू केला असता तर आमची वाट बिद्रीच्या साखर कारखान्यावर गेली असती. मी पुढं पळायचो, मागं यायचो, परत पुढं. बायकांना वाटलं हा व्यायामाचाच भाग आहे. त्याही पुढंमागं पळायला लागल्या. अप्पा मधे उभे राहून डोकी मोजत होते.

अडीच वाजेपर्यंत मला प्रकरण उमगलं. ज्याच्या रानात पाणी, ऊस, त्याला रस्ता नको होता. त्यानं अंधारात दगड उचलून शेजाऱ्याच्या बांधावर ठेवला. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याच्या. असं चार दिवस चालून बरेचसे बाण आकाराम नावाच्या शेतकऱ्याच्या माळावर येऊन पोचले होते, कारण अख्ख्या गावात रस्ता हवा असलेला तो एकटाच होता. त्याचं रान मुरमाड. सतरा दगड त्यानं ओळीनं मांडले होते, पंगतीला बसवल्यासारखे, आणि सगळ्यांची टोकं त्याच्या घराकडं. रानात हाताहातावर आंब्याची दोनशे रोपं लावली होती, कारण रस्त्यात जाणारी झाडं भरपाईला मोजली जातात. त्यासाठी उभा भुईमूग उपटला होता. वेल बांधाला पडले होते, अजून हिरवे. एक शेंग मी फोडून बघितली. आत दाणा धरायचा होता.

आम्ही येताना दिसलो तसं गाव गोळा झालं. बावीस माणसं, त्यात विसांच्या डोक्यावर सरकारी वाटाव्यात अशा टोप्या. आणि अप्पा पांढऱ्या सदऱ्यात, एक शब्द न बोलता सगळ्यांकडं बघणारे. मोठे साहेब कोण, हा प्रश्नच उरला नाही. अप्पांना खुर्ची आली, पोहे आले, परत पोहे आले. नको म्हटलं की दुप्पट येत होते. स्टँड तिथनं पायी पाऊण तास. घड्याळात तीन पस्तीस. माझा गुडघा आपोआप हलायला लागला.

आकाराम अप्पांच्या पुढं येऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, हाताला अजून रोपांची माती.

"साहेब, बाण हितंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुमी निस्तं व्हय म्हणा. माझी जीप हाय, दोन खेपा करून समद्यास्नी धा मिन्टात स्टँडवर सोडतो."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. बायका जीपकडं सरकायला लागल्याच होत्या. एक व्हय. तेसुद्धा तोंडानं नको, अप्पांच्या वतीनं मी मान हलवली तरी चाललं असतं. सगळी डोकी गाडीत, सोमवार मोकळा, आणि पुढच्या रविवारी दुसरं तळं.

"रस्ता न्हाय," मी म्हणालो.

"आनि विमान?" धोंडुबाईनं विचारलं.

"विमान पण न्हाय. मी चेष्टा केलती."

मी पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं, तळ्याची फेरी, एसटी, अप्पांची अट, हे अप्पा, साहेब नव्हेत, मागावर होते. आकारामनं हाताची माती पँटला पुसली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"भुईमूग गेला की माझा," एवढंच तो म्हणाला.

मग मात्र गाव सुटलं. कुणाचा दगड कुणी कुणाच्या रानात टाकला, हे आता उघड झालं होतं, आणि ते माझ्या रस्त्यापेक्षा फार मोठं निघालं. दोन सख्खे चुलते एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात आले. धोंडुबाईनं दोघांनाही ढकलून बाजूला केलं आणि निकाल दिला. दगड जिथं होते तिथं परत जायचे, आत्ता, समद्यांच्या देखत. चार दिवस गावानं वाहिले, आता पावण्यांनी वाहायचे. आणि येत्या आठवड्यात भुईमुगाच्या जागी जे पेरायचं असेल ते पेरायला मी आकारामच्या हाताखाली यायचं. मी कबूल झालो. जीपचा विषय पुन्हा निघाला नाही.

अशी आमची फेरी सुरू झाली. योगवर्गानं एकेक दगड दोघी-दोघींत वाटून घेतला. मागनं गाव, कोणता आकडा कुठं होता यावर भांडत. अप्पांनी चौदा नंबर उचलून खांद्यावर घेतला. मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी सुताची बाचकी वाहिलेली आहेत.

सव्वाचारला पलीकडच्या काठानं गाडी निघाली. आम्ही सगळे दगडांसकट थांबून बघत राहिलो. पाण्यावर तिचा लाल पट्टा सरकत गेला, वळणावर हॉर्न वाजला आणि गाडी झाडीत शिरली. कंडक्टरचा दिवस फार निवांत गेला असणार. एका बाईनं विचारलं, आता कसं. आकाराम मागनं म्हणाला, दगड संपले की ट्रॉलीनं फाट्यावर सोडतो, तिथनं कुठली ना कुठली गाडी मिळंल. अजून तो माझ्याकडं बघत नव्हता.

अप्पांनी घड्याळ बघितलं.

"सोमवारी सात."

"व्हय."

"काकाला आजच फोन करतो. आणि पेरणीची रजा तू माग. मी मागणार न्हाय."

ते दहा पावलं चालले. दगड या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतला.

"तोंड उघडलंस तवा मला वाटलं, आता परत विमान सांगतंय हे."

"तेच सांगणार होतो."

अप्पा थांबले. पुढं वाट फुटत होती, एक फाटा रानात, एक पाण्याकडं.

"हा कुठं ठेवायचा?"

"त्या उंबराच्या बुंध्याला. टोक पाण्याकडं."

त्यांनी ठेवला. टोक जरा रानाकडं वळलेलं होतं. कमरेवर हात ठेवून त्यांनी ते बघितलं, परत वाकले, दगड दोन बोटं फिरवला आणि पंधरा नंबर आणायला माघारी वळले.