कपारीतला पांढरा ठिपका

वेलिकाने जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेतलं, पट्टा गुंडाळला आणि कॅमेरा दुकानदाराच्या पुढे सरकवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. कोपऱ्यांचा रंग उडाला होता, आणि बटणांवरच्या खुणा अंगठ्याने पार पुसून गेल्या होत्या.

"किती वर्षं वापरलात?"

"आठ. भाचीनं जर्मनीहून पाठवला होता."

"नवशिक्यांचा कॅमेरा हा. यानं तुम्ही आठ वर्षं गिधाडं काढलीत?"

"गिधाडं कुठली," वेलिका म्हणाली, "ठिपके काढले."

दुकानदाराने ते कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर कडा आला, कड्यात काळी कपार, कपारीत एक पांढरा ठिपका. त्याने चित्र मोठं केलं तसा ठिपका फुटून नुसते चौकोन उरले.

"हा पक्षी?"

"पांढरं गिधाड. अंड्यांवर बसलंय."

"तुम्ही म्हणता म्हणून," तो हसला. मग रात्रीच्या आकाशाचं एक चित्र उघडून जरा वेळ बघत राहिला. "आणि हे तारे की दाणे?"

"निम्मे निम्मे."

तिने नव्याने घेतलेला कॅमेराही वापरलेलाच होता, सोफियातल्या कुणा म्हाताऱ्या डॉक्टरचा. पण अंधारात बघू शकणारा. त्याच्याबरोबर आकाशासाठी एक आखूड लेन्स होती, आणि एक लांबलचक, नवजात कोकराएवढी जड. एप्रिलच्या शेवटीच वेलिकाने पैसे भरून ठेवले होते. लांब लेन्स यायला महिना लागला.

बाहेर गाडीत तिचा थोरला भाऊ क्रुम स्टीअरिंगवर हात टाकून बसला होता. हास्कोवो शहरात यायचं म्हणजे त्याचीच गाडी.

"एवढ्यात दोन गाढवं आली असती," तो पेटीकडे बघत म्हणाला.

"गाढवं काय करायची? एक आहे की गाडी चालवायला."

एरवी त्याने यावर तिला परत एक टोला दिला असता. आज त्याने नुसती किल्ली फिरवली. शार्को गेल्यापासून तो असाच होता. चार वर्षांचा दांडगा कुत्रा, साप चावून मेला असं त्याने सांगितलं होतं. त्याच्या आधी, मेच्या सुरुवातीच्या गेर्गोव्हदेनच्या सणाला आठवडा असताना, लांडग्यांनी एका रात्रीत त्याच्या अकरा मेंढ्या फाडल्या होत्या. वेलिकाने वाटेत एकदा त्याला चीज भरलेल्या बनित्साचा तुकडा पुढे केला. त्याने मान हलवली.

गावाजवळच्या आर्दा नदीच्या घळीत एकेकाळी पांढऱ्या गिधाडांच्या सात जोड्या होत्या. म्हातारी माणसं त्यांना कोकिळेचा घोडा म्हणायची. वसंतात कोकिळा त्यांच्या पाठीवर बसून येते, अशी समजूत. आता एकच जोडी उरली होती. वेलिका गावच्या वाचनालयात काम करायची, आणि सुटलं की नदीकाठच्या सपाट खडकावर जाऊन बसायची. तिचा नवरा स्पेनला फळं तोडायला गेला आणि तिकडचाच झाला. ही दोन गिधाडं मात्र मार्च संपता संपता आफ्रिकेहून यायची, त्याच कपारीत. गेल्या दोन वर्षांत त्यांचं पिल्लू जगलं नव्हतं. या वर्षी दोन अंडी आहेत, असं पक्षी वाचवणाऱ्यांच्या ऑफिसातल्या कालिनाने तिच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहून सांगितलं होतं.

वेलिकाला एकच चित्र हवं होतं. खाली कपारीत झोपलेला पक्षी आणि वर सगळी आकाशगंगा, एकाच चौकटीत. जुन्या कॅमेऱ्याने पक्षी यायचा नाही आणि आकाश रव्यासारखं यायचं.

त्याच रात्री तिने आखूड लेन्स लावली आणि खडकावर ट्रायपॉड रोवला. वीस सेकंद. मागच्या पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा तिने आधी वर पाहिलं, मग पुन्हा खाली. आकाशाला खोली असते, एका ताऱ्याच्या मागे दुसरा असतो, हे तिला त्रेपन्नाव्या वर्षी प्रथमच दिसत होतं. आणि तळाशी, काळ्या कड्यात, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात, तो पांढुरका डाग.

"झोप बाई," ती हळूच म्हणाली.

उजाडताना तिने लांब लेन्स चढवली.

आधी काटक्या दिसल्या. मग मेंढीच्या लोकरीचे पुंजके, एक हाड. मग एक डोळा. तांबूस कडेचा, थेट तिच्याकडे रोखलेला. हळदीसारखं पिवळं तोंड, मानेवर विस्कटलेली पांढरी पिसं. आठ वर्षांत ती या पक्ष्याच्या एवढ्या जवळ गेली नव्हती. तिचा श्वास काचेवर येऊ लागला म्हणून तिने तोंड बाजूला केलं, आणि पुन्हा डोळा लावला.

तोंडाचा रंग गडद होता. हा नर.

मग तिला दुसरं दिसलं. एक पंख घरट्याच्या कडेवरून खाली लोंबत होता. डोकं दोन काटक्यांच्या मध्ये वाकडं अडकलं होतं, आणि तोंडाचा पिवळा रंग मळक्या मेणासारखा झाला होता. डोळ्याच्या जागी मुंग्यांची ये-जा होती. नर मेलेल्या मादीच्या अंगाला अंग लावून अंड्यांवर बसला होता.

वेलिका घरी गेली आणि लॅपटॉपवर मागच्या दिवसांची चित्रं एकामागून एक लावली. ठिपका कधी जरा डावीकडे होता, कधी जरा उजवीकडे. ती हालचाल पाहूनच तर तिला धीर वाटत होता. दोघं पाळ्या लावून बसताहेत, घरटं एक क्षणही उघडं पडत नाही, असं तिने कालिनाला अभिमानाने सांगितलं होतं. आता नीट पाहिल्यावर ठिपका नऊ दिवसांपूर्वी एकदम मोठा झालेला दिसत होता. एक मेलेली, आणि एक तिच्याजवळ, पाळीवर कुणी येत नाही म्हणून न उठणारा. जवळच्या पाण्यावर घाईघाईने जाऊन येत असेल तेवढाच.

घळीत फोन लागत नसे. तो लागायचा वर, क्रुमच्या मेंढवाड्यापाशी. ती कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर मारून चढ चढली. क्रुम धार काढत होता.

"दादा, मादी मेली."

क्रुमचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. बादलीत दुधाची धार वाजत राहिली.

"आणि नर?"

"तो आहे. एकटा बसलाय, उपाशी. कालिनाला फोन करते. दोर टाकून माणसं उतरली तर अंडी तरी वाचतील."

"कर," क्रुम म्हणाला. "आणि तिला सांग, माझ्या भावानं मारली म्हणून."

वेलिकाने फोन तसाच हातात धरला. क्रुमने मेंढीला सोडलं, पण तो स्टुलावरून उठला नाही.

"लांडग्यासाठी ठेवलं होतं. मांसाच्या तुकड्यांत घालून. पक्ष्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही, वेली. अकरा मेंढ्या होत्या. त्यांतल्या दोघी जिवंत होत्या मी पोचलो तेव्हा. पोट बाहेर येऊन चालत होत्या."

"विष कुठून आणलंस?"

"हास्कोवोच्या बाजारात एक जण विकतो. मागच्या खेपेला. तू दुकानात पैसे भरत होतीस तेव्हा."

मेंढवाड्याच्या दारात शार्कोची साखळी खिळ्याला टांगलेली होती. वेलिकाचं तिकडे लक्ष गेलेलं क्रुमने पाहिलं.

"साप नव्हता," तो म्हणाला.

ती भिंतीला टेकली. मग तिने विचारलं,

"किती तुकडे ठेवले होतेस?"

"पाच. शार्को मेला तसा दुसऱ्या दिवशी जाऊन सगळे उचलले. चार मिळाले. शार्कोनं खाल्ला तो अर्धवट पडला होता, तो धरून. पाचवा नाही सापडला."

"मग मादीनं तो खाल्ला असेल."

"नाही. तिनं शार्कोच्या अर्धवट तुकड्यातलंच खाल्लं. तिथं पिसं पडली होती." त्याने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "पाचवा कोल्ह्यानं कुठं तरी ओढून नेलाय."

वेलिकाने कालिनाला फोन लावला. मादी मेलीय, नर अंड्यांवर आहे, लवकर या. कालिनाने विचारलं, कशाने मेली. "इथून कळत नाही," वेलिका म्हणाली. माणसं जमवून पोचायला तीन तास तरी लागतील, असं कालिना म्हणाली. फोन ठेवल्यावर क्रुमने बहिणीकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

"गोणी घे," ती म्हणाली. "आणि हातमोजे. पाचवा कुठं ठेवला होतास ते दाखव."

जागा घळीच्या पलीकडच्या उतारावर होती. क्रुम पूल ओलांडून तिकडे गेला आणि वेलिका आपल्या खडकावर. जिथं माणसाला झुडपांत शिरून शोधायला दिवस लागला असता, तो उतार ती त्या लेन्समधून वीत वीत पाहत सरकत होती. दगड. ओव्याची झुडपं. कासव. पुन्हा दगड. क्रुमची टोपी मध्येच चौकटीत यायची, तिच्यावरचा घामाचा पांढरा पट्टाही दिसायचा.

दहाच्या सुमारास तिला तो दिसला. रानगुलाबाच्या जाळीखाली, क्रुम शोधत होता त्याच्या बऱ्याच वर, लोकर चिकटलेला काळपट तुकडा. ती उभी राहून ओरडली, दोन्ही हातांनी वर खुणा केल्या. नदीच्या आवाजात तिचं ओरडणं त्याला ऐकू गेलं नाही, पण खुणा कळल्या. तो चढू लागला.

तेवढ्यात खडकावरून एक सावली गेली.

तिने कॅमेरा वळवला. कपारीत दोन अंडी उघडी पडली होती, त्यांच्याशेजारी ती मेलेली. नर बाहेर पडला होता. नऊ दिवसांच्या भुकेने त्याला शेवटी उठवलं होतं. त्याने उतारावर एक घिरटी घेतली, मग दुसरी, आधीपेक्षा खाली. जाळीपासून थोडा दूर उतरला आणि कोंबडीसारखा डुलत डुलत चालत निघाला.

क्रुमने त्याला पाहिलं. त्याने गोणी हवेत फिरवली, ओरडला असावा, तोंड उघडलेलं दिसलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, हातापायांवर चढत होता, घसरला, उठला. मध्ये एक उंचवटा होता, त्याच्यामागे तो दिसेनासा झाला. त्यालाही आता वरचं काही दिसत नसणार.

पक्षी जाळीत शिरला आणि तुकडा ओढून बाहेर आला. लेन्स अगदी स्पष्ट होती. वेलिकाला मांसाचा धागा ताणलेला दिसला, तुटलेला दिसला. त्याने मान मागे टाकून गिळलं. पुन्हा चोच मारली. पुन्हा गिळलं. ती पोटातून ओरडत होती आणि तिचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर नव्हतंच, ट्रायपॉडचा पाय तिने गच्च आवळला होता.

क्रुमचं डोकं उंचवट्यावर आलं तेव्हा पक्षी दचकून उडाला. सरळ कपारीकडे गेला. घरट्याच्या काठावर क्षणभर उभा राहिला, चोचीने अंडी सारखी केली आणि त्यांच्यावर अंग सोडून बसला. उतारावर क्रुमने उरलेला तुकडा गोणीत टाकला, तोंड बांधलं, आणि दोन्ही हात उंच करून तिला दाखवले.

तिनेही हात वर केला.

खाली यायला त्याला बराच वेळ लागला. गुडघे फुटले होते, ओठ निळसर पडले होते. गोणी लांब ठेवून तो खडकाशी आला.

"खाल्लं का त्यानं?"

वेलिका कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करत होती.

"नाही," ती म्हणाली. "नुसता भोवती फिरत होता. तू वेळेवर पोचलास."

क्रुम मटकन खाली बसला. त्याने टोपी काढून तोंडावर धरली आणि तिच्याआड त्याचे खांदे हलू लागले. वेलिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट भिजून थंडगार झाला होता.

"आता कालिना आली की मी सांगतो तिला सगळं," तो टोपीतूनच म्हणाला. "नर तरी राहिला. काय शिक्षा करायची ती करू देत."

"सांग."

"बघू का जरा? मला कधी दाखवलाच नाहीस."

ती बाजूला झाली. क्रुमने एक डोळा मिटला आणि दुसरा लावला.

"पोराच्या तोंडावर अंडं फोडल्यासारखा दिसतो की हा," तो म्हणाला. त्याचा आवाज बराच सैल झाला होता. "आपल्याकडंच बघतोय, वेली."

"बघत असेल. चल, पुरे आता. पुलावर जाऊन थांब. त्यांना ही वाट सापडायची नाही."

तो उठला. वेलिकाने त्याच्या जागी बसून कॅमेरा आपल्याकडे ओढून घेतला. कपारीत पक्ष्याची मान पुढे कलली होती. त्याने ती झटक्याने वर उचलली, आणि ती पुन्हा कलली.

झुडपांमागून क्रुमची हाक आली,

"बसलाय ना?"

"बसलाय," वेलिका डोळा न काढता म्हणाली. "तू जा."