वीस मिनिटं चालणारी

मी बोलतेय, म्हणजे तसा प्रयत्न तरी करतेय. गाडीनं स्वतःबद्दल किती बोलावं याचा मला अंदाज नाही. जास्त झालं तर सांभाळून घ्या.

मी दोन दारांची कूपे आहे. लांब नाक, उतरतं छप्पर, गडद हिरवा रंग, आणि मागे नावापुरत्या दोन जागा, ज्यांत एखादी पिशवी किंवा एखादं तान्हं मूल कसंबसं मावतं. जन्म इंग्लंडातला, साठ वर्षांपूर्वीचा. माझ्या दारांच्या फटी पाहून जाणकार म्हणतात की मला शुक्रवारी संध्याकाळी, सुट्टीच्या घाईत जोडलं असणार. असेलही. मी काही भांडत नाही.

जहाजातून अमेरिकेत आले आणि मिनेसोटात रुबेन नावाच्या तरुण मास्तराची झाले. त्यानं मला पळवलं, धुतलं, मिरवलं. मग बऱ्याच उशिरा त्याचं लग्न झालं, ब्रिटा नावाची मुलगी झाली, चार दारांची मोठी गाडी आली आणि मी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेले. दर रविवारी तो यायचा, इंजिन सुरू करून पाच मिनिटं ऐकायचा आणि निघून जायचा. शेवटची काही वर्षं तेही थांबलं. ताडपत्रीखाली वर्षं मोजता येत नाहीत. उंदरांच्या पिढ्या मोजता येतात. एकोणिसाव्या पिढीनंतर त्यांनाही माझा कंटाळा आला.

रुबेन गेल्या वसंतात वारला. ब्रिटानं मला सरोवराकाठच्या डलुथला, आपल्या भाड्याच्या घरी नेलं. तिचा नवरा गॅरिट लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या बोटीवर. मार्चमध्ये सरोवरातला बर्फ फुटला की जायचा तो जानेवारीत परतायचा, मधे कधी दोन दिवस उगवायचा. घरात ब्रिटा आणि पाच महिन्यांची टोवा. ब्रिटा त्या गावात नवीनच होती. शेजारी चांगले होते, लांबून हात हलवायचे. इथले लोक हात फार छान हलवतात.

टोवा दुपारी झोपत नसे, पण माझ्या घरघरीत झोपायची. म्हणून ब्रिटा तिला माझ्या मागच्या जागेत बांधायची. पट्टा ओढून बघायची, पुन्हा ओढायची, आत बसून परत उतरायची आणि आणखी एकदा ओढायची. मग आम्ही सरोवराच्या काठानं निघायचो. एक दिवस तिला पेट्रोलचा वास आला. संध्याकाळपर्यंत तिनं वासानं बाळांना काय काय होतं ते सगळं वाचून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टाकीला नवंकोरं, घट्ट, कुलपाचं झाकण बसवलं.

माझ्या जुन्या झाकणाला एक बारीक भोक होतं, टाकीत हवा जावी म्हणून. नव्याला नव्हतं. पेट्रोल इंजिनाकडे जाई, टाकीत हवा येईना, आणि वीस मिनिटांनी पंपाला एक थेंबही ओढवेना. मी गुदमरून बंद. अर्धा तास उभी राहिले की कुठून तरी हवा झिरपायची आणि मी पुन्हा चालू. माझं काय दुखतंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण सांगू कसं? माझ्या मागच्या जागेत टोवा रडत होती, तिचीही तीच अडचण.

ब्रिटानं माझ्या जातीच्या गाड्यांच्या मालकांचा एक गट इंटरनेटवर शोधला आणि त्यावर लिहिलं: बाबांची गाडी आहे, वीस मिनिटांनी बंद पडते, प्रश्न मूर्खपणाचा असेल तर माफ करा. तासाभरात चौतीस उत्तरं आली. कुणी कार्बुरेटर म्हणालं, कुणी प्लग, आणि दोघं तर माझा विषय सोडून एकमेकांचं जुनं काहीतरी उकरून भांडत बसले. व्हर्लिन नावाच्या माणसानं फक्त लिहिलं, शनिवारी येतो, कॉफी ठेव.

व्हर्लिन त्याच गावचा, बंदरात इलेक्ट्रिशियन होता, आता चौऱ्याहत्तरचा. बायको गेल्यापासून घरात तो आणि एक मांजर. त्याच्यामागून त्याच गटातली आर्डिस हिबिंगहून आली, पाऊणशे मैलांवरून, माझ्यासारखीच पण निळी कूपे घेऊन. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. तिनं आल्याआल्या ब्रिटाच्या काखेतून टोवाला काढून घेतलं आणि म्हणाली, "तू आधी खा. दोन्ही हातांनी."

व्हर्लिननं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"कॉइल," तो म्हणाला.

"तुझ्या मांजराला जुलाब झाले तरी तू कॉइलच म्हणशील," आर्डिस म्हणाली.

प्लगला ठिणगी पुरवणारं ते कॉइल बदललं. मी वीस मिनिटांनी बंद पडले. पुढच्या शनिवारी प्लग बदलले, त्यानंतर पंप उघडला. झाकणाकडे कुणी बघितलं नाही, कारण ते नवंकोरं होतं, आणि नव्या वस्तूवर कुणी संशय घेत नाही. आर्डिस आंबट रुबार्बच्या देठांच्या वड्या आणायची, ब्रिटा बटाट्यांचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं भांडंभर जेवण, करायची. गॅरेजचं दार वर, मधे मी, भोवती तिघं. मला इतकं कुणी हाताळलं नव्हतं कित्येक वर्षांत. ब्रिटाही हसायची. तिचं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, मी काठावरच्या रस्त्यात बंद पडले. पेट्रोलच संपलं की काय म्हणून ब्रिटानं झाकण उघडलं. हवा आत शिरताना मोठ्यानं 'हुस्स' झालं. तिनं किल्ली फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. ती पुन्हा उतरली. झाकण हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मास्तराची मुलगी, तिला कळायला वेळ लागला नाही.

तिनं आधी मागच्या जागेतल्या टोवाकडे पाहिलं. मग तिनं झाकण परत लावलं आणि कुलूप फिरवलं.

शनिवारी ती त्या दोघांना म्हणाली, "अजून तसंच होतंय."

मला राग यायला हवा होता. ज्या गाडीला मुद्दाम आजारी ठेवलंय तिला राग येणारच, असं तुम्ही म्हणाल. पण मी बरी झाले की शनिवार संपले, हे मलाही समजत होतं. म्हणून मी इमानेइतबारे वीस मिनिटांनी बंद पडत राहिले. कधी कधी अठरा.

ब्रिटाला मात्र ते पचत नव्हतं. ती हॉटडिश मोठं करत गेली, वर चीज वाढवत गेली. लांबच्या प्रवासानं दुखणारा गुडघा आर्डिस चोळायला लागली की हिची नजर जमिनीकडे. ऑक्टोबर लागला. रस्त्यावर मीठ पडायचे दिवस जवळ आले. बर्फ वितळवायला टाकलेलं ते मीठ आमच्या जातीचा पत्रा खाऊन टाकतं, म्हणून त्याआधी आम्हाला वसंतापर्यंत झाकून ठेवतात.

त्या शनिवारी व्हर्लिननं जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. उघडलं तर दोन कोरे कार्बुरेटर. असे आता मिळत नाहीत. वीस वर्षं स्वतःच्या गाडीसाठी जपून ठेवलेले.

"तुम्हालाच लागतील ते," ब्रिटा म्हणाली.

"मी आता किती चालवणार पोरी," तो म्हणाला आणि त्यानं पाना उचलला.

ब्रिटानं माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "नका काढू काही. बिघाड झाकणात आहे. हवाच जात नाही टाकीत." मग अगदी हळू, "मला पाच आठवडे झाले कळून."

टोवा आर्डिसच्या चष्म्याशी खेळत होती.

"पाच आठवडे," आर्डिस म्हणाली.

"तुम्ही यायचं बंद केलं असतं."

"गुडघ्यात दुखण्याचं इंजेक्शन घेऊन येत होते मी. बोलावलं असतंस तरी आले असते. इतकी का वाईट वाटले तुला?" तिनं टोवाला ब्रिटाकडे दिलं, आपलं रिकामं भांडं घेतलं आणि गेली. निळ्या कूपेचा आवाज चढावावर बराच वेळ ऐकू येत होता.

व्हर्लिननं झाकणाला ड्रिलनं बारीक भोक पाडलं. "म्हणजे कॉइल नव्हतं," एवढंच म्हणाला. कार्बुरेटर शर्टात गुंडाळले, ब्रिटाचा खांदा थोपटला आणि तोही गेला. तो रागावला नव्हता, असं मला वाटतं. पण दुरुस्त गाडीपाशी काय करायचं, हे त्याला माहीतच नव्हतं.

पुढच्या शनिवारी ब्रिटानं गॅरेजचं दार वर केलं, भांडंभर कॉफी केली आणि टोवाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. अकरा वाजले. मी ठणठणीत होते. आयुष्यात इतकं ठणठणीत आणि इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं.

मग ती उठली. टोवाला मागे बांधलं, पट्टा ओढला, पुन्हा ओढला. हिबिंगचा रस्ता धरला. विसाव्या मिनिटाला आम्ही दोघींनी श्वास रोखला. एकविसावं गेलं, तिसावं गेलं. झाडांची पानं गळून गेली होती आणि रस्ता अजून कोरडा होता. ब्रिटा सगळा वेळ पुटपुटत होती, काय बोलायचं त्याची तालीम. प्रत्येक वाक्य सुरू करायची आणि स्वतःच खोडायची.

आता मी आर्डिसच्या घरासमोर उभी आहे. तिची निळी कूपे बाजूला ताडपत्रीखाली गेली आहे, वसंतापर्यंत. माझं इंजिन बंद आहे, तापलेला पत्रा टिकटिक करत निवतोय. ब्रिटा टोवाला कडेवर घेऊन पायरीवर उभी आहे. घंटा एकदाच वाजवली आहे तिनं. दुसऱ्यांदा वाजवावी की नाही, यावर तिचं मन अडलंय. खिडकीचा पडदा आत्ता हलला.

आर्डिसबाई, ती बोलायला लागली की अडखळेल, माफी मागताना माझंच काहीतरी कारण पुढे करेल, म्हणून मी आधीच सांगते. माझं सगळं ठीक आहे. काही दुरुस्त करायला नाही. आम्ही नुसत्याच आलोय. दार उघडा.