धुपाटण्यांचा कौल

माझू या समुद्रदेवीच्या देवळात सात धुपाटणी ठेवायची की एक, यावरून गावात दोन तट पडले होते. यंदाची सरपंचाची निवडणूकसुद्धा एवढ्याच मुद्द्यावर चालली होती. बंदर, रस्ता, बंधारा सगळं मागे पडलं. निवृत्त शिक्षक लू मास्तर एकच धुपाटणं ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. तीन वर्षं रोज यंत्रावर देवळातला धूर मोजून त्यांनी चार वह्या भरल्या होत्या. त्या कुणी उघडल्या नाहीत, त्यांच्या बायकोनं, युएग्वेइनंसुद्धा. ती रोज सकाळी देवळात झाडायला जायची आणि खोकत घरी यायची. मास्तरांचा सगळा आटापिटा त्या खोकल्यासाठी होता.

देवळाचे चेअरमन थिएनफू हे तिचेच थोरले भाऊ. त्यांनी भर सभेत तोडगा काढला. "दाजी, वह्या राहू द्या. देवीआईलाच कौल लावा. सलग तीनदा हो आलं, तर सहा धुपाटणी मी स्वतः काढतो."

आठात एक संधी, मास्तरांनी मनात हिशेब केला. चेअरमननीही तो आधीच केलेला दिसत होता.

कौल लावताना दोन लाकडी चंद्रकोरी ओंजळीत धरून नाव, पत्ता, जन्मतारीख आणि प्रश्न मनातल्या मनात सांगायचा असतो. मास्तर जन्मात पहिल्यांदा देवीपुढे गुडघे टेकून बसले. पत्त्यापर्यंत ठीक गेलं. तेवढ्यात मागे युएग्वेइ खोकली. मास्तरांनी लाकडं टाकली. एक उताणं, एक पालथं, म्हणजे हो. पुन्हा हो. तिसऱ्यांदाही हो.

मग जी जुंपली ती विचारू नका. जन्मभर कौलावर लग्नं ठरवणाऱ्यांना एकाएकी पुरावा हवासा झाला. चेअरमननी मासळी बाजारातून काटा मागवला आणि लाकडं तोलली. "दोन ग्रॅमचा फरक आहे. नव्या जोडीनं परत टाका." इकडे मास्तरांच्या बाजूचे, कधी एक उदबत्ती न लावलेले, हात जोडून सांगू लागले की आई बोलली, आता शंका घेणं पाप आहे.

"मी परत टाकणार नाही," मास्तर म्हणाले.

"का हो, दाजी? एका प्रयोगावर भागत नाही असं तुम्हीच शिकवायचात ना?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. "तो धुपाटण्यांचा कौल नव्हताच. हिचा खोकला बरा होईल का, एवढंच विचारलं मी."

युएग्वेइनं झाडू भिंतीला टेकवला. "अहो, चारचौघांत काय हे."

आधी सावरले ते चेअरमन. "मग झालंच की. खोकला जाणारच आहे. राहू द्या सातही."

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "आई तीनदा हो म्हणालीय. एवढ्या धुरात खोकला नाही गेला, तर खोटं कोण पडेल, चेअरमन? मी की आई?"

चेअरमननी देवीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. दुपारी बनियनवर, मेहुण्याला शिव्या घालत, त्यांनी सहा धुपाटणी कोठीत ढकलली.

दोन महिन्यांनी युएग्वेइ देवळातून आली आणि म्हणाली, "बघा, आईनं शब्द पाळला."

मास्तर वाद घालणार होते. मग त्यांनी पाचवी वही उघडली, धुराच्या आकड्यापुढे लिहिलं, आज खोकली नाही, आणि म्हणाले, "पाळला खरा."