काचेवरचं पाणी

रविवारी सकाळी साडेसात वाजता, दवनीवाड्यात घरासमोरच्या अंगणात, अंजूने गाडीचं पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलं आणि ती गाडीखाली शिरली. दुपारी कामठ्याचा चुन्नीलाल ही गाडी बघायला येणार होता. आवडली तर घेऊनच जाणार होता. विकायचं ठरवलं होतं तिच्या भासऱ्याने, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाने, इंद्रकुमारने. अंजूला कोणी विचारलं नव्हतं.

गाडी तिची होती. चिचगडच्या बायांकडून आवळे आणि मध आणायचा, घरी मुरब्बा आणि आवळासुपारी करायची, गोंदियाच्या दुकानांना पोचवायची, हा तिचा धंदा. आधी ती एसटीने पोती आणायची. मग धंद्याच्या पैशांतूनच ही जुनी छोटी गाडी आली. कागदावर मात्र नाव लागलं इंद्रकुमारचं, कारण व्यवहाराच्या दिवशी गोंदियाला तो गेला होता आणि सह्या त्याने केल्या. ‘घरचीच गाडी, नाव कोनाचं का असंना,’ असं तेव्हा सगळेच म्हणाले होते. अंजूही म्हणाली होती.

बिघाड दसऱ्यानंतरचा. काचेवर पाणी मारायचं बटण दाबलं की नुसती घरघर यायची, पाणी यायचं नाही. पुढे घरघरही बंद झाली. धान कापणीला आलेलं, त्या दिवसांत संध्याकाळी तुडतुडे उजेडावर झेपावतात. चिचगडहून परतताना आमगावच्या अलीकडे तिच्या काचेवर तुडतुड्यांचा चिखल झाला. वायपर फिरवला तसा तो काचभर पसरला. समोरचं दिसेना म्हणून तिने गाडी कडेला घेतली आणि एक चाक बांधीत, म्हणजे कडेच्या धानाच्या शेतात, उतरलं. कोणाला लागलं नाही. बंपरला एक ओरखडा आला. पण गाडी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली आणि ट्रॅक्टरवाला इंद्रकुमारच्या ओळखीचा निघाला. दुसऱ्या दिवशी घरात एकच बोलणं होतं: बाईच्या हाती गाडी दिली की असंच होणार.

तिचा नवरा लीलाधर हार्वेस्टर घेऊन बालाघाटकडे गेला होता. फोनवर तो म्हणाला, “दादा म्हनते तं पाहून घे ना. मी आलो का बोलू.” तो यायला अजून अवकाश होता. चुन्नीलाल मात्र आजच येणार होता.

गॅरेजवाल्याने शनिवारी काउंटरवरून पंप दिला. लावून दे म्हटल्यावर म्हणाला, “गाडी छोड के जाओ मैडम, हफ्ते में हो जाएगा.” अंजूने पंप पिशवीत टाकला आणि घरी आली. मोबाइलवर तिने एकाच कामाचे चार व्हिडिओ पाहिले. चौघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: टाकी बंपरच्या आत असते आणि तिच्यापर्यंत पोचायचं तर चाक काढायचं.

चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर तिने बटणं उपसून मोकळं केलं. जॅकवर भरवसा नको म्हणून गाडीखाली सागाचा ओंडका सरकवलेला होताच. आतून पांढरी टाकी दिसली आणि तिच्या बुडाशी अंगठ्याएवढा पंप.

“काय व, हे काय करून राहिली?”

आवाज इंद्रकुमारचा. अंजूला गाडीखालून त्याच्या चपला दिसल्या. प्रश्न तिच्याविषयी होता, पण तिला विचारलेला नव्हता. अंगणात बाजेवर तिची सासू शामकला तूर पाखडत बसली होती, तिला विचारला होता.

लग्न होऊन आल्यापासून अंजू भासऱ्याशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. तोही तिच्याशी बोलला नव्हता. घरातली रीतच तशी होती. भासरा समोर आला की सुनेने डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून बोलायचं. तिसरं माणूस बहुतेक वेळा शामकला असायची. आता गाडीखाली उताणं पडून डोक्यावर ओढणी घेणं शक्य नव्हतं. अंजूने तो विचार सोडला आणि पान्हा घट्ट धरला.

“आई, त्यायले सांगा, पंप बदलून राहिली.”

“पंप बदलून राहिली म्हनते,” शामकलाने सांगितलं. दोघांत तीन हातांचंही अंतर नव्हतं.

“माय, तिले सांग, कायले बदलते? दुपारी गाडी जाऊन राहिली. चुन्नीलाल पाहून घेईन त्याचं तो.”

“ऐकलं का व?”

“ऐकलं. त्यायले म्हना, पंपानं पानी मारलं असतं तं गाडी बांधीत गेली नसती. गाडीचा दोष होता, माह्या हाताचा नाइ. आज दिसन त्यायले.”

इंद्रकुमार हसला. “आता बाया मेक्यानिक झाल्या म्हना. माय, तिले सांग, नट मोजून ठेव. नाइ तं चाक रस्त्यात येगळं अन् गाडी येगळी.”

“मोजून ठेव म्हनते.”

“मोजले. त्यायले सांगा, त्यायच्या मोटरसायकलीचा एक कमी दिसते.”

शामकलाचं सूप थांबलं. हे पुढे पोचवावं की नाही, असा क्षणभर विचार तिने केला. पोचवण्याची गरज नव्हती. चपला वळल्या आणि फाटकाकडे गेल्या. तिथे मोटरसायकलीपाशी त्या थोडा वेळ थांबल्या, हे अंजूने गाडीखालून पाहिलं.

पुढचं काम तिने सावकाश केलं. पंपाचा वायरचा सॉकेट काढून त्याला इंडिकेटरचा जुना बल्ब लावला. बाहेर येऊन डाव्या दारातून आत वाकत चावी फिरवली, स्टिअरिंगपाशी हात नेला, बटण दाबलं. बल्ब पेटला. म्हणजे वायर धड, फ्यूज धड, मेला आहे तो पंपच. मग टाकीखाली घमेलं ठेवून तिने पंप हलवत हलवत रबरी बुचातून ओढला.

पाणी आलं नाही. आधी बुळबुळीत, आंबूस वासाचं काहीतरी आलं, आणि त्याच्यामागून गढूळ पाणी. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती तुंबली होती एका पिवळसर गोळ्याने. अंजूने तो बोटांनी फोडला. फुगलेले तांदूळ होते. हळद लागलेले. सोबत नारळाच्या शेंडीचा एक धागा.

ती गाडीखालून बाहेर आली. तळहात तसाच उघडा ठेवून बाजेपाशी गेली.

शामकलाने वाकून पाहिलं. तिला ओळखायला वेळ लागला नाही.

“हे माह्या अक्षता व्हत,” ती म्हणाली.

“टाकीत कशा गेल्या?”

“दसऱ्याले पूजा केली नाइ का गाडीची? पोळ्याले आपन बैलाले चारतो, मंग गाडीले उपाशी कायले ठेवाचं? झाकनावर फवाऱ्याचं चित्र व्हतं. म्हटलं, पानी प्याचं तोंड हेच असन. नारळाचं पानी टाकलं. अन् चार दाने अक्षता.”

“चार?”

“मूठभर,” शामकला म्हणाली.

अंजूला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. महिनाभर घरात जे बोलणं चाललं होतं, त्याचं उत्तर तिच्या हातात होतं. जाळी तुंबली, पंप कोरडा फिरला, जळला. तुडतुडे काचेवर राहिले. हे इंद्रकुमारला सांगितलं की बाईच्या हाताचा विषय संपत होता. पण सांगायचं शामकलाच्या तोंडून.

सासूच्याही ते लक्षात आलं होतं. “त्याले सांगशील?”

“माह्यानं कसं सांगनं होते? माहं बोलनं तुम्हीच नेता. न्याचं असन तं न्या, नसन न्याचं तं नका नेऊ.”

शामकलाने सूप उचललं आणि तूर पाखडायला लागली. दाणे चांगले जोरात उडाले.

टाकी अंजूने बोअरच्या पाण्याने तीन-चारदा खंगाळली. रबरी बूच पुसलं, त्याला साबणाचं पाणी लावलं आणि नवा पंप अंगठ्याने दाबला. तो बसेना. व्हिडिओतले चौघेही हा पंप एका दाबात बसवत होते. अंजूने दोनदा कूस बदलली, तिसऱ्यांदा खांदा लावला, तेव्हा कुठे तो खट् करून आत गेला. नळी जोडली, सॉकेट लावला, अस्तर बसवलं, चाक चढवलं. नट तिने खरोखर मोजले. बॉनेटवरच्या फवाऱ्याच्या दोन्ही भोकांत हळद सुकून बसली होती, ती शिलाईच्या सुईने उकरली. टाकीत पाणी भरून झाकण लावलं आणि शामकलाकडे पाहिलं. शामकलाने दुसरीकडे पाहिलं.

चुन्नीलाल ठरल्यापेक्षा लवकर आला. एका ओळखीच्याने त्याला मोटरसायकलवरून फाटकापाशी सोडलं, कारण परत तो गाडीने जाणार होता. कामठ्यात त्याचं किराणा दुकान होतं, बोलण्यात अर्धी हिंदी. इंद्रकुमारने त्याला गाडीभोवती फिरवलं. खिशातून दुसरी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. “ठेवा तुमच्याकडे, गाडी तुमचीच समजा. आता एवढं हाय, पानी माराचा पंप बिघडला. बाईच्या हाती व्हती ना गाडी.”

अंजू तोवर गाडीत बसली होती. तिने चावी फिरवली आणि बटण दाबलं.

आधी घरघर झाली. मग बॉनेटवरून पाण्याच्या दोन धारा उठल्या. सुईने उकरताना एका भोकाची दिशा बदलली असावी. एक धार काचेवर पडली, दुसरी बॉनेटवरून बाजूला उडून इंद्रकुमारच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पडली. अंजूने वायपर फिरवला. काच लख्ख झाली आणि काचेतून भासऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसला.

“अरे वा,” चुन्नीलाल म्हणाला. “क्या बात है. पंप तो एकदम नया मारता है. सेठ, तुम तो बोल रहे थे खराब है?” त्याने बॉनेटवर थाप मारली. “गाडी टकाटक है. मैं आज ही ले जाता हूँ.”

अंजूने हा विचार केला नव्हता. पंप चालला की बोलणं मिटेल, असं ती सकाळपासून धरून बसली होती. पंप चालला आणि गाडी जास्तच विकाऊ झाली.

इंद्रकुमार सदरा झटकत म्हणाला, “माय, तिले सांग, खाली उतर अन् किल्ली दे.”

शामकला तूर पाखडत राहिली.

“माय, तुले सांगून राहिलो.”

“मले आज ऐकू येत नाइ,” शामकला म्हणाली. “तुह्या तोंडात जीभ हाय ना? तूच सांग.”

इंद्रकुमारने गाडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि शेवटी चुन्नीलालकडे वळला. “भाऊ, तिले सांगा, किल्ली द्या म्हना.”

चुन्नीलालला रीत माहीत होती, पण असं मधे उभं राहायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती. तो खिडकीशी वाकला. “भाभी, वो... भैया बोल रहे हैं कि किल्ली...”

अंजू खाली उतरली. ओढणी खांद्यावर होती, ती तिने खांद्यावरच राहू दिली. चुन्नीलालला ओलांडून ती इंद्रकुमारसमोर उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहून बोलली.

“भाऊजी, गाडी विकाची नाइ. खराब व्हती तवा तुम्ही म्हनले खराब हाय म्हनून विका. आता चांगली झाली तं चांगली हाय म्हनून विकता. गाडी माह्या आवळ्याची हाय. चिचगडले वच्छलाबाईचे पोते भरून ठेवले हायत, मी आनाले जाऊन राहिली.”

उत्तर थेट द्यायचं की नाही, हेच इंद्रकुमारला सुचेना. शेवटी तो हवेत बोलला. “कागदावर नाव कोनाचं हाय?”

“तुमचं. मी नाइ म्हनत नाइ. त्याचंबी बोलू. पन माह्याशी बोला.”

“एक तं बांधीत गाडी घातली, अन् वरून...”

“तांदूळ मीनं टाकले,” बाजेवरून शामकला म्हणाली. सूप तिने खाली ठेवलं होतं. “टाकीत अक्षता मीनं टाकल्या, दसऱ्याले. त्याच्यानं पंप जळला. तिच्या हातानं नाइ. आता ज्याच्यानं बिघडलं त्याले विकाचं असन, तं मले वीक. चुन्नीलाल, घेते का मले?”

“नहीं माताजी,” चुन्नीलाल घाईने म्हणाला.

अंजूने गाडी मागे घेतली आणि फाटकाबाहेर काढली. आरशात तिला तिघं दिसली. इंद्रकुमार काहीतरी बोलत होता, आणि आईकडे पाहून नाही, रस्त्याकडे पाहून बोलत होता. काच बंद होती. काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही.

चिचगडला वच्छलाबाईने पोती गाडीत चढवून दिली आणि खिडकीतून डोकावून विचारलं, “आज गाडी हसून राहिली काय व? काच तं पाह कशी चमकते.” अंजूने चहा घेतला नाही, दिवस मावळायच्या आत निघाली. तरीही आमगावच्या अलीकडे अंधार गाठलाच. तुडतुडे आले. दिव्यांच्या झोतात आधी थोडे, मग घोळक्याने. काच भरत गेली. तिने बटण दाबलं. दोन्ही धारा आता काचेवरच पडत होत्या. चिचगडला तिने भोक सुईने नीट केलं होतं. वायपर एकदा गेला, एकदा आला आणि पुढचा रस्ता दिसला, कडेची बांधीसुद्धा.

फोन वाजला. पडद्यावर इंद्रकुमारचं नाव होतं. हा नंबर तिच्या फोनमध्ये होता, पण त्यावरून तिला फोन कधीच आला नव्हता. ती गाडी चालवत होती. तिने तो वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा वाजला.

आमगावला पेट्रोलपंपाच्या उजेडात तिने गाडी उभी केली. तेवढ्यात तिसरा फोन आला, शामकलाचा.

“कुठं पोचली व?”

“आमगाव. काय झालं तिकडं?”

“काइ नाइ. जेवला नाइ तो. तुले फोन लावून राहिला म्हने, तू उचलत नाइ.”

“काय म्हनाचं हाय त्यायले?”

“मले नाइ सांगत. मी म्हटलं, मले सांगू नको, मी नेत नाइ. तिलेच सांग. अन् आयक. चुन्नीलाल गेला, पन किल्ली नाइ देऊन गेला. उद्या सकाळी येतो म्हने, गाडी न्याले.”

“येऊ द्या,” अंजू म्हणाली.

तिने उतरून टाकीचं झाकण उघडलं, बाटलीतलं उरलेलं पाणी आत ओतलं आणि झाकण लावलं. दवनीवाडा अजून लांब होता. दुसरी किल्ली कामठ्यात होती. गाडीत बसता बसता फोन चौथ्यांदा वाजला. इंद्रकुमार.