उंच पिढी

"उभी रा बगू, बाय," मार्था म्हणाली.

फ्लोरा उभीच होती.

मार्था अर्नाळ्याहून आपल्या मुलासाठी, डॉमनिकसाठी, मुलगी पाहायला आली होती. चर्चमधला रविवारचा मिस्सा आटोपून ती पाचूबंदरला फ्लोराच्या घरी पोहोचली तेव्हा दुपार झाली होती. तिनं फ्लोराकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि ते पाहणं फार लवकर संपलं.

तेवढ्यात फ्लोराचा भाऊ व्हॅलेरियन चौकटीखालून मान वाकवून आत आला. मार्थाचा चेहरा उजळला.

"ह्यो तुमचाच पोर?"

"मग कोनाचा?" फ्लोराच्या बापाची, सायमनची, छाती फुगली. "मुंबईला पोलिसात लागलाय. मला त्याच भरतीतनं दोनदा परत धाडला होता, उंची भरत नाय म्हनून. आमची पिढी बुटकीच गेली. आताची पोरं बगा, सगली उंच!"

इझाबेल चुलीपाशी पापलेट तळत होती. नवऱ्याचं बोलणं ऐकून तीही हसली. फ्लोरा हसली नाही.

फ्लोराच्या लहानपणी, लढाईच्या वर्षांत, रेशनवर किडका तांदूळ यायचा आणि चांगली मासळी सगळी बाजारात जायची. कालवणात एखादी तुकडी उरली तर ती व्हॅलेरियनच्या ताटात पडे. फ्लोराला रस्सा. सायमन पोराच्या उंचीसाठी मुशी माशाच्या काळजाचं तेल काढून बाटलीत भरून ठेवी. रोज सकाळी ते भावाला पाजायचं काम फ्लोराचं. तो थुंकायचा, रडायचा. ती त्याचं तोंड पुसायची आणि चमच्याला उरलेलं तेल चाटून घ्यायची. एकदा इझाबेलनं ते पाहिलं आणि तिच्या हातावर चापट मारली. "तुला कशाला पायजे? पोरीला उंचीचं काय काम?" मग नवव्या वर्षी फ्लोराच्या डोक्यावर मासळीची पाटी आली. ती वसईच्या बाजाराला रोज जात राहिली, आणि एका उंचीला येऊन तिची वाढ थांबली ती थांबलीच.

"पोर कामाची हाय, दिसते," मार्था इझाबेलला म्हणाली. तिनं आवाज खाली आणला होता, पण घर एवढंसं होतं. "पन नातवंडं अशीच निपजली तर? हल्ली भरतीला, नोकरीला, सगलीकडं मापं घेतात."

मार्थाची नजर पुन्हा व्हॅलेरियनकडे गेली. तिनं विचारलं, "तुमच्या पोराचं कुटं ठरलंय? माजी धाकटी हाय. चांगली उंच हाय."

सायमननं बायकोकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नकार दिसत नव्हता. "बगू की," तो म्हणाला. "येऊ आमी अर्नाळ्याला."

"बाबा," फ्लोरा म्हणाली, "व्हॅलेरियन आताच्या पिढीचा. मी त्याच्याहून तीनच वर्सांनी मोठी. मग मी कोनाच्या पिढीची?"

सायमननं घसा खाकरला आणि तो दाराबाहेर खाडीकडे बघू लागला. मार्थानं पदर सावरला. "उशीर होतोय," म्हणत ती न जेवताच निघाली. सायमन तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेला.

पाहुणीसाठी वाढलेलं ताट तसंच होतं. फ्लोरानं ते पुढ्यात ओढलं, मांडी घातली आणि अख्खं पापलेट खायला घेतलं.

"अगो, भावाला ठेव त्यातलं," इझाबेल सवयीनं बोलून गेली.

"खाऊ दे तिला, आय," व्हॅलेरियन म्हणाला. तो बहिणीसमोर जमिनीवर बसला. बसूनही तो तिच्याहून उंचच दिसत होता. ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

फ्लोरा घाई न करता जेवली. पोटाकडचा मऊ भाग, डोकं, कल्ले, सगळं. या घरात गडीमाणसांच्या आधी ती कधीच जेवली नव्हती. ताटातला भात संपला तशी इझाबेल पातेलं आणि डाव घेऊन वाकली.

"अजून वाढू?"

"आता वाढून काय होनार, आय?"

इझाबेलचा डाव हवेतच राहिला. तिचे डोळे भरून आले. व्हॅलेरियन उठून बाहेर गेला.

मग फ्लोरानंच ताट आईपुढे सरकवलं. इझाबेलनं भात वाढला, वर रस्सा ओतला. फ्लोरा मान खाली घालून जेवत राहिली.