कोऱ्या दिवसाची पोच

मित्रांनो, तारखेचा एक जुना शिक्का तुमच्याशी बोलतो आहे. लाकडी मूठ, पितळी चौकट आणि पोटात रबराचे तीन पट्टे, एवढाच माझा संसार. एका पट्ट्यावर दिवस, दुसऱ्यावर महिने आणि तिसऱ्यावर वर्षे. वर्षांच्या पट्ट्यावर बाराच वर्षे होती. म्हणजे आपले आयुष्य किती, हे मला जन्मापासूनच माहीत होते. पण त्या बारा वर्षांत मी एकदाही खोटी तारीख उमटवली नाही, हे मी छाती फुगवून सांगतो. माझी छाती पितळेची असल्यामुळे ती फुगत नाही, एवढे मात्र समजून घ्या.

एका अरुंद गल्लीतल्या दुकानात माझा जन्म झाला. कारागीर डोळ्याला भिंग लावून काम करायचा. मी तयार झालो तेव्हा त्याने मला आपल्याच तळहातावर उमटवून पाहिले आणि शेजाऱ्याला हाक मारून म्हणाला, "हे बघ, एक अक्षर तरी फाटलंय का?" ते माझे पहिले कौतुक. नंतर तीन दिवस त्याच्या हातावरून ती तारीख गेली नाही.

तिथून मी एका विद्यापीठाच्या आवक-जावक विभागात आलो. नाव भारदस्त असले तरी तो विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि तिची एक खिडकी. विद्यापीठात येणारा प्रत्येक कागद आधी त्या खिडकीतून आत यायचा. मी त्याच्यावर तारीख उमटवायची, मग त्याला क्रमांक मिळायचा, मग त्याची नोंद वहीत व्हायची. कुलगुरूंचे पत्र असो की वसतिगृहातल्या नळाची तक्रार, माझ्याखालून गेल्याशिवाय कुणालाही वर जाता येत नसे. सांगा बरे, एवढा मान कुणाला मिळतो?

खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनांना सगळे तारीखकाका म्हणत. सकाळी आल्याआल्या ते माझा दिवसाचा पट्टा एक घर पुढे सरकवत, रद्दी कागदावर मला उमटवत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघत. ते झाल्याशिवाय चहाला हात लावत नसत. त्यांची दुसरी खोड म्हणजे पोच. कागद देणाऱ्याकडे त्याची दुसरी प्रत असली की तिच्यावरही ते माझा ठसा मारून, क्रमांक घालून, सही करून परत देत. 'तुमचा कागद आमच्याकडे पोचला' याची ती खूण. कुणी घाईघाईने निघून जाऊ लागले, तर काका खिडकीतून अर्धे बाहेर येऊन त्याला हाका मारत.

आता तुम्हाला विद्यापीठाची एक गंमत सांगतो. खरे तर ती गंमत नाही, पण सगळे तिला तसेच म्हणत. तिथे दोन प्रकारचे शिक्षक होते. काही कायमचे आणि काही करारावरचे. शिकवायचे दोघांनीही तेच आणि तेवढेच. पण करारावरच्यांना दर वर्षी नवे पत्र घ्यावे लागे. जुन्या पत्राची मुदत आज संपली, तर नव्याची परवा सुरू होई. मधला एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवलेला असे, म्हणजे आपली नोकरी सलग आहे असे कुणी म्हणायला नको. नियमांच्या पुस्तकात त्याला 'सेवेतील खंड' असे नाव होते. ऑफिसात त्याला कोरा दिवस म्हणत, कारण हजेरीपटात त्या दिवशीचा त्यांचा चौकोन कोरा राहायचा. त्या एका दिवसापुरते ते शिक्षक विद्यापीठाचे कुणीच नसत.

हा कोरा दिवस आस्थापना विभागाने ठरवला होता, सत्र संपल्यानंतरचा पहिला सोमवार. आणि परीक्षा विभागाने मुलांचे गुण आणून देण्याची शेवटची तारीख ठरवली होती, तीही सत्र संपल्यानंतरचा पहिला सोमवार! हे दोन विभाग एकाच जिन्याच्या वर आणि खाली बसत. पण वर्षानुवर्षे कुणी तो जिना चढून दुसऱ्याला विचारले नाही. त्यामुळे जे शिक्षक त्या दिवशी विद्यापीठाचे नसत, तेच धावतपळत गुणांचे कागद घेऊन माझ्या खिडकीशी येत.

त्यांच्यात गणिताच्या एक बाई होत्या. एखाद्याला उदाहरण समजले नाही की त्या फळा पुसून म्हणत, "पुन्हा करू या." तीनदा समजले नाही तर तीनदा पुसत. म्हणून मुलांनी त्यांचे नाव पुन्हाबाई ठेवले होते. दर वर्षी त्यांची पुन्हा नेमणूक होत असल्याने ऑफिसलाही ते नाव पसंत पडले.

पहिल्या वर्षी पुन्हाबाई गुणपत्रक देऊन तशाच निघाल्या. काकांनी हाक मारली.

"अहो बाई, पोच राहिली!"

"कशाला काका? मी आज इथं नाहीच आहे," बाई हसून म्हणाल्या. "मस्टर बघा हवं तर."

"तुम्ही नसाल. कागद तर आलाय ना? तो काय उडत आला?"

बाईंनी पोच घेतली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. त्यानंतर दर वर्षी त्या आपण होऊनच दुसरी प्रत आणू लागल्या. अशा सहा पोचपावत्या झाल्या, आणि सहांवरही मीच होतो.

मधल्या काळात माझी एक परीक्षाही झाली. एका बड्या प्राध्यापकांचा अर्ज दोन दिवस उशिरा आला होता. ते खिडकीत कोपर टेकवून अगदी गोडीगुलाबीने म्हणाले, "काका, शिक्का जरा दोन घरं मागं घ्या की. कुणाचं काय जातंय?"

काकांनी मला त्यांच्यासमोर धरले आणि शांतपणे सांगितले, "सर, हा मागं फिरतच नाही. पुढंच जातो."

मित्रांनो, ही शुद्ध थाप होती! माझे पट्टे दोन्ही बाजूंना फिरतात. पण काकांनी ती थाप इतकी वर्षे, इतक्या लोकांना मारली होती की साऱ्या विद्यापीठाला ती खरी वाटू लागली होती. मला त्या थापेचा फार अभिमान वाटे.

मग सातव्या वर्षी विद्यापीठाने करारावरच्या शिक्षकांसाठी नवे धोरण आणले. ज्यांची सहा वर्षांची सेवा सलग असेल, त्यांना दीर्घ मुदतीची नेमणूक मिळणार होती. पाच पाच वर्षांचे पत्र, आणि मध्ये कोरा दिवस नाही. ज्यांच्या सेवेत खंड असेल, त्यांना मात्र पुढचे पत्र मिळणार नव्हते. आता खंड तर सगळ्यांच्याच सेवेत होता. तो विद्यापीठानेच घातलेला होता! पण धोरणात खाली बारीक अक्षरांत एक वाक्य होते. खंडाच्या दिवशी विद्यापीठाने त्या शिक्षकाकडून काम घेतल्याचा तारीख असलेला कागद असेल, तर तो खंड धरू नये.

पुन्हाबाईंनी पर्सचा आतला कप्पा उघडला.

समितीची बैठक वरच्या मजल्यावर लांबलचक टेबलाभोवती भरली. अध्यक्षस्थानी एक वयस्कर विभागप्रमुख होत्या. त्यांच्या उजव्या हाताला आस्थापना विभागाचे उपकुलसचिव बसले होते. काकांना वही आणि शिक्का घेऊन बोलावले होते, म्हणून मीही टेबलावर होतो. एवढ्या उंचीवर मी प्रथमच आलो होतो.

उपकुलसचिवांनी पोचपावत्या पत्त्यांसारख्या पसरल्या. "मस्टर कोरं आहे. म्हणजे बाई त्या दिवशी आलेल्याच नाहीत. मग हे शिक्के आले कुठून? ओळखीपाळखीत तारीख मागंपुढं करून घेतली असणार. ही चौथ्या वर्षीचीच बघा. शाईसुद्धा ताजी दिसतेय."

पुन्हाबाईंचे ओठ पांढरे पडले. काका मात्र सवयीप्रमाणे बोलून गेले, "साहेब, हा शिक्का मागं फिरत नाही."

"असं?" म्हणत साहेबांनी मला उचलले आणि सगळ्यांदेखत माझा पट्टा कर्रकर्र उलटा फिरवला. आजचा दिवस गेला, काल गेला, परवा गेला. "घ्या! फिरला की नाही?"

काकांनी मान खाली घातली. मी लाजेने लाल झालो असतो, पण माझ्या अंगावर जांभळी शाई होती. जन्मभर जपलेली अब्रू त्या खोलीत एका मिनिटात गेली. त्याहून वाईट म्हणजे माझ्यापायी बाईंची नोकरी जाणार होती.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारले, "काका, चौथ्या वर्षी त्या तारखेला आणखी काय काय आलं होतं? वहीतून क्रमानं वाचा."

काकांनी वही उघडली आणि खालच्या मानेनेच वाचू लागले. "चारशे दहा, वसतिगृहातला नळ गळतो, तक्रार. चारशे अकरा, उपकुलसचिव, आस्थापना, या पदावर रुजू झाल्याचा अहवाल. चारशे बारा, गणित विभाग, गुणपत्रक. चारशे तेरा..."

"थांबा," अध्यक्ष म्हणाल्या. "चारशे अकरा कुणाचा?"

साहेब खाकरले. "माझाच."

"मग त्याच्यावरही हाच शिक्का असेल. तारीख खोटी म्हणायची, तर तुम्ही रुजू कधी झालात? परीक्षा विभागाचे उपकुलसचिव तुमच्या दुसऱ्याच दिवशी रुजू झाले होते, नाही का? दोन दिवस इकडचे तिकडे झाले तर ज्येष्ठता त्यांच्याकडे जाईल. लिहू का तसं?"

साहेबांनी समोरचा पेला उचलून सगळे पाणी पिऊन टाकले. मग म्हणाले, "नाही, नाही. शिक्का बरोबर आहे. तसा पहिल्यापासून चोखच आहे तो."

बाकीच्या पाच तारखाही वहीशी ताडून पाहिल्या. सगळ्या चोख निघाल्या. काकांनी मला उचलले, रुमालाने पुसले आणि माझा पट्टा एकेक घर पुढे आणत आजच्या तारखेवर बसवला. "शिक्का फिरतो हो मागं," ते अध्यक्षांना म्हणाले. "मी नाही फिरवला कधी."

"ते कळलं आम्हाला," अध्यक्ष म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी आदेश निघाला. जुने हजेरीपट बाहेर काढले गेले आणि पुन्हाबाईंना त्या सहा कोऱ्या चौकोनांत सह्या करायला बोलावले. पाच सह्या त्यांनी भराभर केल्या. सहाव्या वेळी पेन थांबले आणि त्यांना रडू कोसळले. काकांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि दुरुस्तीची तारीख म्हणून प्रत्येक सहीशेजारी मला उमटवले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुरेख सहा ठसे. आजही कुणी ते हजेरीपट उघडले तर खात्री करून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर करारावरच्या शिक्षकांची रांग लागली. कुणी पोच जपली होती, कुणी कधीच फेकून दिली होती. काकांनी तीन दिवस वह्या चाळून एकेकाचा क्रमांक शोधला. सोळा जणांचे काम झाले. सोळा, मित्रांनो! एका रबराच्या तुकड्याने सोळा माणसांच्या नोकऱ्या राखल्या. मग मी मिरवू नको तर काय करू?

सतरावे होते वनस्पतिशास्त्राचे सर. विद्यापीठाच्या काचघरातली झाडे तेच सांभाळत. त्यांच्या विषयाचे गुण दुसरेच शिक्षक आणून देत, त्यामुळे वहीत त्यांचा एकही कागद सापडला नाही.

"सर, कोऱ्या दिवशी तुम्ही यायचात ना?" काकांनी विचारले.

"येणार नाही तर काय? झाडांना पाणी कोण घालणार? त्यांना थोडाच माहीत असतो खंड."

"काही लेखी?"

सर हसले. "काका, पाणी घातल्याची पोच कोण देतं?"

पुन्हाबाईंनी त्यांच्यासाठी समितीला निवेदन लिहून दिले. माळ्यानेही साक्ष दिली. समितीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तारीख असलेला कागद मागितला. सरांना पुढचे पत्र मिळाले नाही. जाताना ते काचघराची किल्ली आमच्या खिडकीत देऊन गेले. काकांनी तिची पोच त्यांना दिली, आणि ती मीच उमटवली. तो ठसा आठवला की अजून माझे रबर आवळते.

पुढे माझा बारा वर्षांचा पट्टा संपला. आता कॉम्प्युटर आपला आपण तारीख घालतो. काका निवृत्त झाले आणि मी त्यांच्या टेबलाच्या खणात, वाळलेल्या शाईच्या डबीशेजारी आहे. माझी तक्रार नाही. मी माझे काम चोख केले. फक्त तुम्ही एखादा शिक्का वापरत असाल, तर त्याचे रबर पुसून ठेवा आणि त्याला कधी मागे फिरवू नका.

आणखी एक मागणे आहे. माझ्याखालून जे कागद गेले, त्यांचीच साक्ष मी देऊ शकलो. पण तुमच्या वर्गात, प्रयोगशाळेत, बागेत कितीतरी माणसे अशी कामे करतात, जी कुठल्याच खिडकीतून आत येत नाहीत. उद्या तुम्ही मोठे व्हाल, समित्यांवर बसाल, नियम लिहाल. तेव्हा नुसता कागद मागू नका, जिना उतरून खाली या आणि काचघरात डोकावून बघा. सरांची झाडे अजून हिरवीगार आहेत. त्यांची पोच मला देता आली नाही, ती तुम्ही द्या.